खालून सहावी ते नववी

हजेरीपुस्तकात तिचं नाव होतं. तिथून ते कधी बाहेर आलं नाही. सगळे तिला थेंबताई म्हणायचे.

थेंब मोजणं हेच तिचं काम होतं. इमारतीच्या तळघरात एक बिनखिडकीची खोली होती. तिथं कपडे धुण्याच्या यंत्राएवढं एक यंत्र तासन्‌तास गरगरत असायचं. ते थांबलं की ती त्यातलं पारदर्शक नळकांडं काढायची, दांड्याला उभं अडकवायची, बुडाला बारीक सुई टोचायची आणि खाली छोटी नळी धरायची. वीस थेंब झाले की पुढची नळी. एका नळकांड्याच्या वीस नळ्या व्हायच्या. तेवढा वेळ ती कोणाशी बोलायची नाही. दारातून कोणी "ताई, चहा?" विचारलं तर नुसता डावा हात वर करायची. त्याचा अर्थ थांबा असा होता. चहा हवा, असाही होता.

नळकांड्यात मिठाचं जड पाणी असे आणि त्यात विषाणूंची कवचं. पोकळ कवचं हलकी, ती वर राहत. ज्यांच्या आत काही भरलंय ती जड, ती खाली बसत. दोन पुसट पांढऱ्या पट्ट्या दिसत. वरची फेकायची, खालची ठेवायची. औषध खालच्या पट्टीत. खोलीचा नियम दाराच्या आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात चिकटवला होता: "सहा ते नऊ ठेवणे. बाकी सर्व जंतुनाशकात." खालून पडेल तो पहिला थेंब, हे लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. सुई बुडाला टोचल्यावर पहिला थेंब दुसरीकडून कुठून येणार?

तिचा हात असा बसला होता, की ती भिंतीकडे बघत मोजू शकायची. एकोणीस वर्षं झाली होती.

त्याआधी ती गोळ्यांच्या कारखान्यात होती. आई गेली तेव्हा ती अठराची आणि भाऊ अकराचा. वडील असून नसल्यासारखे. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची आणि तिनं अंगठा फिरवून रिकामा कप्पा हुडकायचा. असल्या पाकिटाला तिथल्या बायका बोळकं म्हणत. दात पडलेलं. हा शब्द ती बरोबर घेऊन आली. प्रयोगशाळेत पोकळ कवचांना ती बोळकी म्हणू लागली, मग सगळेच म्हणू लागले. एकदा बाहेरच्या पाहुण्यांसमोर विभागप्रमुख मॅडमच बोलून गेल्या, "या खेपेला बोळकी जरा जास्त आलीत." पाहुण्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

भावाला तिनं शिकवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही हो. थेंब मोजत होते."

भावाला मुलगी झाली. वजनाला हलकी, म्हणून भाऊ तिला मुंगी म्हणायचा. सहा महिने झाले तरी मुंगी मान धरेना. आठव्या महिन्यात पाय हलायचे थांबले. मोठ्या रुग्णालयात रक्त तपासलं. शरीरातली एक सूचना जन्मापासूनच गायब आहे, असं निघालं. ती नसली की मज्जातंतू वाळत जातात, मग हातपाय, मग गिळणं, मग श्वास. डॉक्टर हे सांगत असताना मुंगी त्यांच्या गळ्यातल्या नळीकडे बघून हसत होती. तिचं हसणं शेवटपर्यंत शाबूत राहील, असंही डॉक्टर म्हणाले.

त्याच रोगावरचं औषध थेंबताईच्या तळघरात तयार होत होतं.

त्या रविवारी ती भावाकडे गेली. भाऊ आणि भावजय पलंगावर बसले होते, मध्ये मुंगी.

"ताई, नीट सांग," भाऊ म्हणाला. "विषाणू टोचणार म्हणजे काय? आधीच आजारी पोर."

थेंबताईनं उशीचा अभ्रा काढला. "हा विषाणू. आतली उशी म्हणजे त्याचा उपद्रव. ती काढून टाकली. उरला नुसता अभ्रा. त्याला पेशीच्या घरात शिरायची वाट ठाऊक आहे, तेवढीच आपल्याला हवी. आता मुंगीकडे जी सूचना नाही, ती या अभ्र्यात घालायची."

"घाला की मग," भावजय म्हणाली.

"मावायला पाहिजे ना." तिनं पायथ्याची रजई ओढली आणि एक टोक अभ्र्यात कोंबलं. अर्धी रजई बाहेर लोंबत राहिली. "सूचना ही एवढी लांब. अभ्रा एवढाच. मोठा अभ्रा मिळत नाही. मग रजई कापायची, पण ऊब राहील अशी. त्यातच लोकांची दहा-दहा वर्षं जातात. मुंगीची सूचना लहान आहे. कापून-बेतून मावली."

"आमच्या पोरीचं एवढं तरी नशीब," भाऊ म्हणाला.

"दोन्ही टोकांना खुणा शिवायच्या. त्या खुणा दिसल्या की भरणारं यंत्र तोच धागा आत ओढतं, भलता ओढत नाही. पण आधी अभ्रे शिवून होतात, मग भरणं सुरू होतं. भरता भरता दमतं ते. दहातले आठ अभ्रे रिकामेच राहतात."

"म्हणजे तुमच्या हापिसासारखंच," भावजय म्हणाली. खूप दिवसांनी तिघंही हसले.

मग थेंबताईनं राहिलेलं सांगितलं. "औषध एकदाच देता येतं. शरीर अभ्र्याचा रंग लक्षात ठेवतं. दुसऱ्यांदा तोच अभ्रा दिसला की दारातच फाडून टाकतं. आणि ही चाचणी दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे. सहाच मुलं घेणार."

भावजय हसायची थांबली. "मग चुकलं तर?"

"चुकणार नाही. माझ्या हातातून जाणार आहे."

मुंगीचं नाव सहांमध्ये लागलं. थेंबताईनं मॅडमना जाऊन सांगितलं, की यातली एक माझी भाची आहे. मॅडमनी चष्मा काढला. "बाटल्यांवर नावं नसतात, नियमानं अडचण नाही. पण मन थाऱ्यावर राहील का? हवं तर या खेपेला दुसऱ्या कोणाला बसवते."

"दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडू, मॅडम?"

मॅडमनी चष्मा परत घातला.

खेप लागायच्या तीन आठवडे आधी नवं यंत्र आलं. दुसऱ्या शाखेत कोणाच्या तरी बोटात सुई घुसली होती, म्हणून सुयांवर बंदी आली. नवं यंत्र नळकांड्याच्या तोंडाला टोपी बसवायचं आणि द्रव वरून, थर हलू न देता, ओढून घ्यायचं. नळ्याही तेच भरायचं, आकडेही तेच छापायचं. त्याची पहिली नळी वरची. भरीव कवचं आता बारा ते पंधरामध्ये येणार होती. सहा ते नऊमध्ये बोळकी.

कागदपत्रं तपासणारे शाईकाका दारावरचा जुना कागद काढायला आले. निळ्या शाईखेरीज दुसऱ्या शाईनं कोणी सही केली तर ते पान परत करायचे, म्हणून शाईकाका.

"काढू ना?" त्यांनी विचारलं. "की दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचाय?"

"काढा. पाठ आहे मला."

"तेच तर म्हणतो. आता विसरा."

रंगीत पाणी भरून तिनं तीन दिवस सराव केला. तिन्ही दिवस बरोबर. तिसऱ्या दिवशी शाईकाकांनी "प्रशिक्षण पूर्ण" असं लिहिलं आणि खाली निळी सही ठोकली.

खेपेच्या दिवशी काहीही झालं नव्हतं. हे पुढं चौकशीत तिला अनेकदा विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी तिनं तेच सांगितलं. झोप झाली होती. फोन आला नव्हता. घाई नव्हती. चार नळकांडी होती. यंत्रानं एकेकाच्या वीस नळ्या भरल्या. तिनं प्रत्येकातल्या सहा, सात, आठ, नऊ उचलल्या आणि एका बाटलीत ओतल्या. बाकीच्या जंतुनाशकाच्या बादलीत. बाटली काट्यावर ठेवली, आकडा लिहिला, बाटली पुढच्या खोलीत दिली. मग डबा खाल्ला. भाजीत मीठ कमी होतं, हेही तिला आठवत होतं.

बारा दिवसांनी, बुधवारी सकाळी शाईकाका खेपेची फाइल घेऊन खाली आले. मीठ काढून, गाळून, औषध सहा छोट्या बाटल्यांत भरलं होतं. बाटल्या गोठणपेटीत होत्या. सोमवारी रुग्णालयात जायच्या होत्या.

"एक सही राहिलीय, ताई. अकराव्या पानावर. एवढी केलीत की आम्ही सुटलो आणि तुमची मुंगीही सुटली."

"तुमच्या तोंडात साखर पडो," असं म्हणून तिनं पेन घेतलं. सही करायच्या जागेच्या वर तिनंच लिहिलेली ओळ होती. सोळा मिलिलिटर. एकवीस ग्रॅम.

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं.

खालचं पाणी जड असतं. जुन्या सुईच्या दिवसांत चार नळकांड्यांची सोळा मापं साडेबावीस भरायची. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. एकवीस कधीच नाही. एकवीस हे वरच्या पाण्याचं वजन.

"शाई संपली का?" शाईकाकांनी विचारलं.

"काका, आतलं मोजायला जो थेंब गेला, तो कुठला?"

"यंत्रानं आपणच बाजूला काढला. तेराव्या नळीतला. मस्त भरलेला निघाला. का?"

"माझ्या बाटलीतला नाही?"

"पूर्वी बाटलीतला घ्यायचे. आता यंत्र सुरुवातीलाच काढतं, वेळ वाचतो."

"आणि बाटल्यांतलं परत नाही मोजलं?"

"मोजलं की. कवचं मोजली, जंतू तपासले. कवचं तर हवी त्याहून जास्तच आहेत."

"कवचं. आतलं?"

"आतलं एकदा मोजलंय ना, बाई. दोनदा कशाला मोजतील? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

तिनं फाइल मिटली. "वाचून उद्या सकाळी देते."

"तुम्ही? वाचून?" शाईकाका हसले. "असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं." आणि जिना चढून गेले.

ती स्टुलावर बसली. हिशेब एका मिनिटात झाला, त्यात अवघड काही नव्हतं. सहा बाटल्यांत सगळी बोळकी होती. भरलेली कवचं तिनं स्वतःच्या हातानं बादलीत ओतली होती. नवी खेप म्हणजे पाच महिने. मुंगीला वीस महिने पूर्ण झाले होते.

आणि दुसराही एक रस्ता होता, तोही तिला लगेच दिसला. सही करायची. कागदावर खेप उत्तम होती. काही मुलांना औषध लागू पडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सहाच्या सहांना लागू पडलं नाही, तर बाटल्या परत उघडतील, तोवर वर्ष गेलेलं असेल. भाऊ म्हणेल, ताईनं जिवाचं रान केलं, आमचंच नशीब फुटकं.

दुपारी ती अर्धी रजा टाकून भावाकडे गेली.

दाराशी रुग्णालयाची पिशवी भरून ठेवली होती. अजून पाच दिवस होते. भावजयीनं पट्ट्यांची एक छोटी खुर्ची आणली होती, औषधानंतर मुंगीला बसवायला. मुंगी गादीवर पडून होती. आत्या दिसल्यावर तिचे डोळे आत्याबरोबर फिरले. बाकी काही हललं नाही. छाती श्वासागणिक आत ओढली जात होती.

"बरं झालं आलात, ताई," भावजय म्हणाली. "मला सांगा, रंग कुठला असतो औषधाचा? हे म्हणतात निळा. मी म्हणते पाण्यासारखा."

"पाण्यासारखा."

"बघा! लागली पैज. आता आठवडाभर भांडी तुमच्याकडे," ती नवऱ्याला म्हणाली.

थेंबताईनं मुंगीला मांडीवर घेतलं. डोकं तळहातावर धरावं लागायचं. सोमवारी या शरीरात अब्जावधी रिकामी कवचं जातील. काही दुखणार नाही. दोन आठवड्यांत रक्त त्यांना ओळखायला शिकेल. मग उद्या, परवा, कधीही, कोणीही खरं भरलेलं कवच आणलं तरी हेच रक्त त्याला दारात फाडील. पोरीला ज्यानं वाचवता आलं असतं, त्याच्याशीच तिचं जन्माचं वैर होईल. ते वैर आत्या लावून देईल, सही करून.

"ताई, काय झालं?" भावानं विचारलं. "चेहरा का असा?"

"काही नाही. मान अवघडलीय."

"तुझ्या भरवशावर आहोत बघ. नाहीतर माझं धाडस नव्हतं."

मुंगीच्या ओठांवरची लाळ तिनं पदरानं टिपली आणि निघाली.

गुरुवारी सकाळी ती मॅडमच्या खोलीबाहेर उभी होती. मॅडम यायच्या आधीपासून. आत जाऊन तिनं फाइल टेबलावर ठेवली, अकरावं पान उघडलं आणि एकवीसवर बोट ठेवलं.

"बोळकी भरलीत, मॅडम. मी. सहाही बाटल्यांत."

मॅडमनी आकडा बघितला. मग फोन उचलला, मग परत ठेवला. "तुम्हाला खात्री आहे?"

"एक बाटली फोडून आतलं मोजा."

दुपारपर्यंत मोजून झालं. आत काही नव्हतं.

चौकशी बसली. सात माणसं, एक लांब टेबल, पाण्याचे ग्लास. थेंब बाटलीतून घ्यायला हवा होता, हे सगळ्यांनी मान्य केलं. वजनाच्या रकान्यापुढं मर्यादा छापायला हवी होती, हेही. शाईकाकांना ताकीद मिळाली. ते खाली मान घालून म्हणाले, "माझी सही आहे खाली. निळी." कोणी हसलं नाही. थेंबताईला कोणी रागावलं नाही. एका माणसानं तर तिचे आभार मानले. पाच मुलांच्या आईबापांना पत्रं गेली, की औषधाला उशीर होत आहे. त्यांतली चार मुलं वयानं लहान होती, ती थांबू शकत होती. पाचव्याचं काय झालं, ते तिला कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

भावाला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. भावाला आधी कळलंच नाही. "म्हणजे सोमवारी नाही? मग मंगळवारी?" भावजयीला पहिल्या वाक्यातच कळलं.

"किती जणांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मला एकटीला."

"मग सही का नाही केलीत?"

"तिचं रक्त खराब झालं असतं. पुढं कधी दुसरं औषध निघालं, तर चाललं नसतं."

"कधी?"

थेंबताईनं दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"सही केली असती तर आम्हाला वाटलं असतं, आम्ही करायचं ते सगळं केलं. तेवढं तरी ठेवायचं होतंत आमच्याकडे." भावजयीचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही दार उघडं ठेवलंत, ताई. पण घरात राहणार कोण, ते तरी बघायचं."

भाऊ म्हणाला, "अगं, तिनंच मला वाढवलंय." तो हे कोणाला सांगत होता, ते समजलं नाही.

थेंबताईची बदली वरच्या मजल्यावर काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. तिथं खिडकी होती. नवी खेप पाच महिन्यांनी निघाली. तेव्हा मुंगीला दोन वर्षं आणि एक महिना झाला होता. तिच्या जागी दुसरं मूल घेतलं. चाचणी चांगली चालली आहे, असं जेवणाच्या टेबलावर कानावर यायचं. एक मूल आधार धरून बसतं, असं एकदा कोणीतरी म्हणालं आणि तिला बघून विषय बदलला.

त्याच सुमारास मुंगीला श्वासाचं यंत्र लागलं. गिळणं त्याआधीच गेलं होतं, पोटात नळी होती. थेंबताई रोज कामावरून सरळ तिकडं जाऊ लागली. भावजय तिच्याशी बोलायची नाही. फक्त सूचना द्यायची. "साडेपाचला कफ काढायचाय." "डाव्या कुशीवर दोन तास झाले." थेंबताई कफ ओढायची, नळी धुवायची, डब्यात किती जमला ते कागदावर लिहायची. तिचा हात हलका होता. भावजय ते बघायची आणि तोंड फिरवायची.

वर्षभरानं मोठ्या रुग्णालयातून एक माणूस येऊन मुंगीचं रक्त घेऊन गेला. मोठ्या मुलांसाठी असंच औषध कधी निघालं तर कोणाला चालेल, त्याची यादी करत होते. कधी निघेल, ते त्याला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी कागद आला. भावानं तो उलटसुलट केला आणि बहिणीपुढं धरला.

"वाच ना, ताई. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

तिनं वाचलं. मुंगीच्या रक्ताला ते कवच अजून अनोळखी होतं.

"काय म्हणतायत?"

"ओळख झालेली नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

आतल्या खोलीत यंत्राचा भाता वर-खाली होत होता. भावजय दारात येऊन उभी राहिली होती. तिला तिथं बघून थेंबताईला वाटलं, ती काहीतरी विचारणार.

"चांगलं," थेंबताई म्हणाली.

भावजयीनं घड्याळाकडे पाहिलं. "कूस बदलायची वेळ झाली."

थेंबताई उठली. तिनं एक हात मुंगीच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली. मुंगी आता तीन वर्षांची होती आणि वजन फारसं वाढलं नव्हतं. डोळे आत्याच्या तोंडावर होते. थेंबताईनं तिला भिंतीकडून खोलीकडे वळवलं, पाठीला उशी लावली, आणि नळी कुठं दुमडली तर नाही ना, ते पाहू लागली.